अल्बममधला ब्रुगेल: जुन्या कोरीव व्यक्तिचित्रांच्या खरेदीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातले संग्राहक मूळचे नाशिकचे. तरुणपणी मुंबईत ऑपेरा हाउसच्या हिरेबाजारात उमेदवारी केली, पुढे अँटवर्पला गेले आणि तिथलेच झाले. आम्ही त्यांना काका म्हणतो, इथेही तेच म्हणतो. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. काकांचं काम हिऱ्यांची प्रत लावण्याचं, म्हणजे दिवसभर डोळ्याला दहापट मोठं दाखवणारा आयग्लास. मी पुण्यात छापचित्रं करतो. त्यामुळे काही नवीन हाती लागलं की त्यांचे फोटो येतात आणि रात्री उशिरापर्यंत फोन चालतो.

काका जमवतात ती सतराव्या शतकातली कोरीव व्यक्तिचित्रं. त्यातही एकाच मालिकेतली: अँटवर्पचा चित्रकार अँथनी व्हॅन डाइक याने १६३० च्या सुमारास सुरू केलेली, ‘इकॉनोग्राफी’ या नावाने ओळखली जाणारी. राजेरजवाडे व सेनापती, मुत्सद्दी व विद्वान आणि चित्रकार, शिल्पकार, कलारसिक असे तिचे तीन भाग. काकांचा जीव तिसऱ्या भागावर. एका चित्रकाराने आपल्या बरोबरीच्या कारागिरांना सरदारांच्या पंगतीत बसवलं, याचं त्यांना फार अप्रूप आहे, आणि मलाही.

मालिकेचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण पुढचा सगळा गुंता त्यातूनच निघतो. व्हॅन डाइक चित्राचा आराखडा करून द्यायचा आणि तांब्याच्या पाट्यावर प्रत्यक्ष कोरायचे ते लुकास फोर्स्टरमान, पाउलस पोंटियस, रॉबर्ट व्हॅन फोर्स्ट यांच्यासारखे कसलेले हात. मात्र काही मोजके पाटे व्हॅन डाइकने स्वतः एचिंगने केले, म्हणजे मेणाचा लेप सुईने खरवडून मग आम्लाने तांबं खाऊ दिलं. त्यांत चेहरा ठिपक्यांनी आणि बारीक तुटक रेघांनी जिवंत केलेला असतो आणि अंगरखा चार फटकाऱ्यांत सोडून दिलेला. या मोजक्या पाट्यांच्या सुरुवातीच्या छापांना आज जी किंमत येते, ती बाकीच्या मालिकेला येत नाही.

पहिला प्रकाशक मार्टिन व्हॅन डेन एंडेन. त्याने सुमारे ८० पाटे छापले. १६४१ मध्ये व्हॅन डाइक लंडनमध्ये वारला. त्यानंतर पाटे गिलिस हेंड्रिक्सकडे आले. त्याने संख्या १०० वर नेली आणि १६४५ सालचं मुखपृष्ठ जोडून संच काढला. व्हॅन डेन एंडेनचं नाव घासून काढलं आणि तळाशी आपली ‘जी. एच.’ ही आद्याक्षरं कोरली. पुढे तीही खोडली गेली. पाटे हातोहाती फिरत राहिले, अठराव्या शतकातही छापले गेले, आणि अखेर त्यातले बरेच पॅरिसला लूव्र संग्रहालयाच्या ताम्रपट-विभागात पोचले. तिथून त्यांचे छाप त्यानंतरही निघाले आहेत. म्हणजे तोच पाटा, तोच चेहरा, पण एक छाप चित्रकाराच्या हयातीतला आणि दुसरा दोन-अडीचशे वर्षांनंतरचा, असं सहज होऊ शकतं.

तांब्यावर कोरून छापणं आपल्याकडे अगदीच परकं नाही. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात तांबटाकडून भगवद्गीता ताम्रपटांवर कोरून घेण्याचा खटाटोप झाला आणि मिरजेला १८०५ मध्ये ती छापली गेली. काका हा दाखला प्रत्येक फ्लेमिश पाहुण्याला देतात.

पेच

अँटवर्पजवळच्या एका गावातल्या वयस्कर विधवा बाईंनी घर आवरायला काढलं होतं. सासरकडून आलेला एक जाडजूड अल्बम त्यांना विकायचा होता. आत इकॉनोग्राफीतली साठेक व्यक्तिचित्रं चिकटवलेली, शेजारी त्या-त्या माणसाबद्दलची छापील कात्रणं. पहिल्या पानावर शाईने लिहिलेलं साल एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं.

असे अल्बम युरोपभर होते. जेम्स ग्रेंजर या इंग्रज पाद्र्याने १७६९ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातल्या माणसांची, त्यांच्या कोरीव चित्रांच्या यादीसह, चरित्रसूची काढली आणि तिकडे चित्रं जमवण्याचं वेडच लागलं. लोक चांगल्या पुस्तकांतून चेहरे कापून अल्बमात चिकटवू लागले. कापताना कागद चित्राच्या कडेपर्यंत छाटला जायचा, आणि ज्या तळच्या पट्टीत नाव, कोरणारा, प्रकाशक हे सगळं असतं ती पट्टीच कित्येकदा कात्रीखाली जायची. पोर्ट्रेट संग्राहकांनी पोर्ट्रेटचं केलेलं हे नुकसान बघितलं की आजही वाईट वाटतं.

बाईंनी आधी एका विक्रेत्याला अल्बम दाखवला होता. त्याने लेखी अंदाज दिला. त्यातली दोन तृतीयांश किंमत एकट्या एका पानाची होती: धाकट्या पीटर ब्रुगेल या फ्लेमिश चित्रकाराचं व्यक्तिचित्र, व्हॅन डाइकने स्वतः एचिंग केलेलं. बाकी सगळी पानं मिळून उरलेली एक तृतीयांश. बाईंनी तोच आकडा धरला होता आणि त्यांच्या जागी कोणीही तोच धरला असता.

काकांनी अल्बम त्यांच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर तासभर चाळला. ब्रुगेलचा छाप देखणा होता. पाट्याच्या कडेची दाबखूण स्पष्ट होती, शाईला बोटाला जाणवेल असा उठाव होता, कागद रेघांचा, जुन्या चालीचा होता. आयग्लासखाली छपाईच्या जाळीचा, म्हणजे फोटो यंत्राने छापताना पडतो तसा, एकही ठिपका नव्हता. तरी काकांचं मन घेईना. कारण सगळी चित्रं पूर्ण चिकटवलेली, मागची बाजू कोणाचीच दिसत नव्हती.

मागची बाजू का महत्त्वाची? १८७० च्या दशकात पॅरिसच्या आमाँ-द्युराँ याने ड्यूरर, रेम्ब्रांट आणि व्हॅन डाइक यांच्या छापांच्या प्रतिकृती हेलिओग्राव्ह्यूर पद्धतीने काढल्या. मूळ छापाचा फोटो, तो प्रकाशाच्या मदतीने तांब्याच्या पाट्यावर, मग आम्ल, मग खऱ्या यंत्रावर खऱ्या शाईची छपाई. त्यामुळे दाबखूण खरी, शाईचा उठाव खरा, आणि भिंगातून काहीच वावगं दिसत नाही. त्याने फसवण्यासाठी हे केलं नव्हतं. अभ्यासकांसाठी केलं होतं आणि मागे स्वतःचा लहानसा लाल शिक्काही मारला होता. पण तो शिक्का चिकटवलेल्या कागदाखाली गेला की एका प्रामाणिक प्रतिकृतीचं अस्सल चित्र बनायला वेळ लागत नाही.

पर्याय

काकांसमोर चार वाटा होत्या आणि प्रत्येकीवर आमचं बोलणं झालं.

सांगितलेल्या किमतीला सगळा अल्बम घेऊन मोकळं व्हायचं, ही पहिली. ब्रुगेल खरा निघाला तर सौदा उत्तम, खोटा निघाला तर पैसे पाण्यात. काकांना परवडलं असतं, पण त्यांना तो जुगार वाटला.

हवी तेवढी चित्रकारांची पानं सोडवून घ्यायची आणि बाकीचा अल्बम बाईंकडे ठेवायचा, ही दुसरी. व्यापारी दृष्टीने ही सगळ्यात फायद्याची होती, कारण सुट्या पानांना गिऱ्हाईक लगेच मिळतं. मी याला ठाम विरोध केला. कोणी, कधी, कुठल्या क्रमाने ही माणसं एकत्र लावली, हे त्या बांधणीतच लिहिलेलं असतं. पानं सुटली की तो पुरावा संपतो. पुढे ब्रुगेलचा निकाल याच बांधणीने लावला, म्हणून हे आणखी आवर्जून सांगतो.

लिलावाची वाट बघायची, ही तिसरी. लिलावगृह तपासणी करतं, जबाबदारी घेतं. पण ते अल्बम फोडूनच विकणार हे जवळपास ठरलेलं, शिवाय बाईंना घर महिन्याभरात रिकामं करायचं होतं.

चौथी वाट काकांना त्यांच्या धंद्याने सुचवली. हिरेबाजारात माल जांगड देतात. विक्री झालेली नसते. चिठ्ठीवर वजन, प्रत, भाव लिहून माल काही दिवस बघायला न्यायचा, पटला तर घ्यायचा, नाही तर जसाच्या तसा परत. काकांनी बाईंना तसंच विचारलं. अल्बम आठ दिवस माझ्याकडे द्या, पानांची यादी मी सही करून देतो, विम्याचा खर्च माझा, आणि ब्रुगेलची किंमत वेगळी धरू. तो खरा ठरला तर विक्रेत्याने लिहिलेला पूर्ण आकडा देईन, नाही ठरला तर प्रतिकृतीचा.

बाईंनी एक रात्र मागितली आणि दुसऱ्या दिवशी हो म्हणाल्या. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. संशयाचं ओझं एका बाजूवर न टाकता दोघांनी वाटून घेतलं.

काय केलं

काकांनी ब्रुगेलला आधी हातच लावला नाही. बाकीची पानं वाचली, आणि वाचली ती तळापासून. चेहरा बघायच्या आधी तळची पट्टी: डावीकडे चित्रकाराचं नाव, मग कोरणाऱ्याचं, मग प्रकाशकाचं. जिथे काहीच नाव नाही तिथे तिरका प्रकाश टाकून आयग्लास लावायचा. पाट्यावरची अक्षरं घासून काढली तरी तांब्यात किंचित खळगा राहतो आणि त्या जागी शाईची फिकट झाक धरते. अशी खोडलेली ‘जी. एच.’ बऱ्याच पानांवर सापडली, म्हणजे ती हेंड्रिक्सनंतरची.

मग जाक कालोचं पान आलं. नॅन्सीचा हा एचिंगकार, त्याचं व्यक्तिचित्र फोर्स्टरमानने कोरलेलं. विक्रेत्याच्या यादीत ते ‘इतर’ या सदरात होतं. तळाशी व्हॅन डेन एंडेनचं नाव शाबूत होतं. पण काकांनी मला फोन केला तो त्यासाठी नाही.

“अरे, अक्षरांच्या वर-खाली केसाएवढ्या रेघा दिसतायत. सरळ, आखलेल्या.”

“काका, त्या पूर्ण रुंदीभर आहेत का?”

“जवळजवळ. उजवीकडे विरतात.”

अक्षरं ओळीत यावीत म्हणून कोरणारा आधी पाट्यावर अतिशय हलक्या रेघा आखून घेतो, आपण पाटीवर अक्षर गिरवताना आखायचो तशा. त्या इतक्या उथळ असतात की थोड्या छपाईतच झिजून जातात. त्या दिसतात याचा अर्थ पाटा ताजा असतानाचा छाप. कालोच्या डोळ्यांखालची करडी छटाही भरीव होती, नंतरच्या छापांत तीच आधी विरळ होते. पूर्ण अल्बमातलं सगळ्यात उत्तम पान हे होतं आणि त्याला किंमत जवळपास शून्य धरलेली होती.

आता ब्रुगेल. काकांनी पानं उलटताना एक गोष्ट टिपली होती. प्रत्येक चित्रासमोरच्या कोऱ्या पानावर त्या चित्राची पिवळसर सावली उमटलेली होती. शाईतलं तेल आणि कागदातलं आम्ल वर्षानुवर्षं समोरच्या कागदाला लागलं की असं होतं. ब्रुगेलसमोर सावली होती, पण ती त्याच्या मापाची नव्हती. ती थोडी अरुंद होती, आणि सावली आरशासारखी उलटी उमटते हे धरूनही त्यातल्या माणसाचा खांदा दुसऱ्याच बाजूला होता. म्हणजे या जागी पूर्वी वेगळं चित्र होतं. शिवाय बाकीची चित्रं खळीने पूर्ण चिकटवलेली, त्यांच्याखाली शाईने क्रमांक घातलेले. ब्रुगेल फक्त चार कोपऱ्यांवर, वेगळ्या चकचकीत डिंकाने, आणि क्रमांक पेन्सिलीचा, दुसऱ्याच हाताचा.

पहिल्या पानावरच्या सालाच्या भरवशावर विक्रेता म्हणाला होता की अल्बम आमाँ-द्युराँच्या आधीचा, म्हणून प्रतिकृतीची शंकाच नको. अल्बम आधीचा होताच. पण पान नंतरचं होतं.

तेवढ्यावर निकाल लावणं काकांना मान्य नव्हतं. जागा नंतर भरली म्हणून चित्र खोटं ठरत नाही, कोणी अस्सल छाप आणूनही लावला असेल. म्हणून दोन गोष्टी केल्या. अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेतुस संग्रहालयाच्या छापचित्र-दालनात आधी वेळ घेऊन गेले आणि व्हॅन डाइकचे एचिंग केलेले छाप जवळून बघितले. नुसत्या मापावर त्यांनी भर दिला नाही आणि ते योग्यच होतं. छापताना कागद ओला असतो, वाळताना आक्रसतो, त्यामुळे एकाच पाट्याच्या दोन छापांतही मिलिमीटरांचा फरक पडतो. त्यांनी बघितली ती सावलीची जागा. अस्सल छापांत दाट भागातही रेघ रेघेपासून सुटी राहते, मध्ये कागद श्वास घेतो. अल्बममधल्या ब्रुगेलच्या केसांत रेघा एकमेकींत मिसळून काजळी धरल्यासारख्या झाल्या होत्या, आणि गालावरचे सगळ्यात नाजूक ठिपके मधूनच गायब होते. फोटोवरून केलेल्या पाट्यात असं होतं.

मग बाईंची लेखी परवानगी घेऊन अल्बम कागद-संवर्धकाकडे. चारच कोपरे चिकटलेले असल्याने काम लहान होतं. एका कोपऱ्यावर डिंक हळूहळू मऊ करणारा मिथाइल सेल्युलोजचा ओलसर लेप, थोडा वेळ, आणि हाडाच्या पातळ पट्टीने कागद अलगद वर. लाल शिक्का निघाला.

निष्पत्ती

काका त्याच संध्याकाळी बाईंकडे गेले आणि शिक्क्याचा फोटो दाखवला. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्या पैशांवर त्यांचे काही बेत होते, हे काकांना माहीत होतं.

यानंतरचा निर्णय काकांनी कोणालाही न विचारता घेतला. कालोच्या पानाबद्दल ते गप्प राहू शकत होते. करारात फक्त ब्रुगेलचा उल्लेख होता आणि बाकीच्या पानांची किंमत ठरलेली होती. त्यांनी कालोचं पान उघडून, आयग्लास बाईंच्या हातात देऊन त्या आखलेल्या रेघा दाखवल्या आणि त्याची किंमत स्वतःहून वेगळी लावली. एकूण रक्कम मूळ आकड्यापेक्षा बरीच कमी राहिली, पण विक्रेत्याच्या हिशोबातल्या उरलेल्या एक तृतीयांशापेक्षा ठळक जास्त झाली. मला काही जण म्हणाले, ज्ञानाचा मोबदला संग्राहकाने घ्यायला काय हरकत आहे. लिलावात, दुकानात, बरोबरीच्या माणसाशी व्यवहार असेल तर हरकत नाही. स्वतःच्या स्वयंपाकघरात विश्वासाने अल्बम उघडून देणाऱ्या माणसाशी मात्र आहे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

अल्बम फोडला नाही. ब्रुगेलची प्रतिकृतीही जागची हलवली नाही. तिच्याखाली मऊ पेन्सिलीने काय आहे ते लिहिलं आणि शिक्क्याचा कोपरा जपानी कागदाच्या बिजागरीवर मोकळा ठेवला, म्हणजे पुढच्या माणसाला तो उचलून बघता येईल. काही पानांवर तपकिरी ठिपके होते. संवर्धकाने धुण्याचा पर्याय सांगितला, पण धुवायचं तर पानं सोडवावी लागणार, म्हणून तो नाकारला. ठिपके स्थिर आहेत आणि चेहऱ्यांवर नाहीत.

नाशिकच्या घरी अल्बम आणावा असं काकांच्या मनात होतं. भाच्या-पुतण्यांना दाखवायची हौस. पण पावसाळ्यातली हवा आणि खळीने चिकटवलेला कागद यांचं जमत नाही, बुरशी आणि कसर दोघांनाही खळ आवडते. अल्बम अँटवर्पलाच, आम्लरहित पेटीत, आडवा ठेवला आहे. उघडून दाखवायचा तेव्हा प्रकाश मंद, ५० लक्सच्या (उजेड मोजायचं एकक) आत आणि तोही थोडे दिवस. नाशिकला चांगले फोटो पोचले.

वेगळं काय करता आलं असतं

जांगड चिठ्ठीत पानांची यादी होती, फोटो नव्हते. परत हिशोबाला बसले तेव्हा एका पानावरची घडी आधीची की नंतरची, यावर थोडी कुरबूर झाली. बाईंनी ती सोडून दिली, पण दुसऱ्या कोणी सोडली नसती. टेबलावरून उचलण्याआधी प्रत्येक पानाचा, कोरी पानं धरून, फोटो काढून दोघांकडे ठेवायला हवा होता. समोरच्या सावल्यांचा पुरावाही त्यातच नोंदला गेला असता.

कुटुंबाला विचारायचं राहिलं, ही दुसरी गोष्ट. व्यवहार संपल्यावर बाईंच्या मुलीने सहज सांगितलं की अल्बममधली एक-दोन रिकामी पानं आजोबांनी बाजारातून चित्रं आणून भरली होती. “यातलं काय कोणी नंतर लावलं?” हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारता आला असता. कदाचित बाईंना माहीत नसतं, पण मुलीपर्यंत पोचला असता.

मालकी-शिक्क्यांकडेही उशिरा लक्ष गेलं. काही पानांच्या खालच्या कोपऱ्यात शाईविना उठवलेली बारीक मुद्रा होती. फ्रिट्स लुग्ट याने १९२१ मध्ये संग्राहकांच्या अशा खुणांचा कोश प्रसिद्ध केला आणि आता तो इंटरनेटवर शोधता येतो. ही मुद्रा आधी बघितली असती, तर कुठली पानं एकाच जुन्या संग्रहातून आली आणि कुठली वेगळी, याची विभागणी संग्रहालयात जाण्याआधीच झाली असती. ब्रुगेलवर मुद्रा नव्हती. अर्थात ती इतर बऱ्याच पानांवरही नव्हती, म्हणून एकट्या या खुणेने निकाल लागला असता असं मी म्हणणार नाही.

कोपरा उचलायला हवा होता का, यावर काकांचं आणि माझं अजून एकमत नाही. माझ्या मते संग्रहालयातल्या तुलनेनंतर खात्री पुरेशी होती आणि जुन्या बांधणीला जितका कमी हात लागेल तितकं बरं. काकांचं म्हणणं असं की खात्री त्यांची झाली होती, बाईंची नव्हती. दोन तृतीयांश किंमत कमी करायला सांगायची तर समोरच्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल असं काही हवं. केसांतल्या रेघा मिसळल्या आहेत हे ऐंशीच्या घरातल्या बाईंना आयग्लासमधून पटवणं त्यांना बरोबर वाटलं नाही.

काम अजून बाकी आहे. पाच-सहा पानांची तळची पट्टी पूर्ण कापलेली आहे, त्यांत व्हॅन फोर्स्टने कोरलेलं इनिगो जोन्स या इंग्रज वास्तुकाराचं सुरेख व्यक्तिचित्रही आहे. ते कुठल्या टप्प्यावरचे छाप, हे अक्षरांवरून कळणार नाही. मारी मोकुआ-हेंड्रिक्स यांच्या १९५६ च्या सूचीत पाट्यांवर काळाच्या ओघात झालेले बदल नोंदलेले आहेत, त्यांच्याशी एक-एक रेघ ताडून बघणं चालू आहे. जोन्सच्या पानापासून सुरुवात केली आहे.